न लागलेल्या निकालाचा आजार

छातीत धडधडतं म्हटलं, झोप लागत नाही म्हटलं, पित्त उसळतं म्हटलं की मुंबईत एकच सल्ला मिळतो: टेन्शन घेऊ नका. शेजारी देतात, नातेवाईक देतात, गोळ्या लिहून झाल्यावर डॉक्टरही देतात. हेतू चांगलाच असतो. पण या सल्ल्यामागची समजूत मला उथळ वाटते. ती अशी की ताण हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग आहे. काहीजण काळजी करत बसतात, काहीजण बसत नाहीत. तेव्हा काळजी करणाऱ्यानं प्राणायाम करावा, ध्यान करावं, चांगले विचार करावेत, म्हणजे प्रश्न सुटला.

माझं म्हणणं वेगळं आहे. वर्षानुवर्षं टिकणारा, शरीर पोखरणारा ताण बहुतांशी माणसाच्या बाहेर तयार होतो, आणि तो तयार होण्याची एक ठरावीक रीत आहे. ज्या गोष्टीवर आपलं आयुष्य उभं आहे तिचा निकाल दुसऱ्याच्या हाती असतो, आणि तो लागत नाही. कष्टानं माणूस थकतो, गरिबीनं पिचतो, दुःखानं खचतो. पण आतून झिजतो तो जीव टांगणीला लागल्यानं. म्हणून दीर्घ ताणाचा विचार मनाच्या डॉक्टरपाशी थांबवून चालत नाही. तो घर, कायदा, मुदत आणि करारपत्र इथपर्यंत न्यावा लागतो. हे पटवण्यासाठी मी गिरगावातली खोताची वाडी आणि तिच्या आजूबाजूचा, ठाकूरद्वारपासून मुगभाटापर्यंतचा टापू डोळ्यांपुढे ठेवतो. या भागात ही टांगणी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी, अगदी शेजारी-शेजारी पाहायला मिळते.

१. शरीर आणीबाणीसाठी घडलं आहे

ताणाचं शास्त्र समजून घ्यायला फार खोलात जावं लागत नाही. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली दाखवलं की संकट दिसताच शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. हृदयाचे ठोके वाढतात, साखर रक्तात येते, पचन थांबतं, स्नायूंकडे रक्त धावतं. माँट्रिअलमध्ये काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी १९३६ साली पुढची पायरी गाठली. उंदरांना थंडी, इजा, विष असा कुठलाही त्रास सतत दिला तरी परिणाम सारखेच दिसत होते: अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, प्रतिकारशक्तीची ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. याचा अर्थ असा की त्रास कोणता आहे याच्याइतकंच तो किती काळ चालतो यालाही महत्त्व आहे.

१९९३ साली ब्रूस मॅक्इवेन आणि एलियट स्टेलर यांनी या झिजेचा हिशेब मांडला. मेंदूतून इशारा निघतो, पियुषिका ग्रंथीमार्फत तो मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींना पोचतो, तिथून कॉर्टिसॉल सुटतं. तासाभराच्या संकटात हे कॉर्टिसॉल आपला जीव वाचवतं. पण तोच इशारा महिनोन् महिने निघत राहिला की रक्तदाब वरच्या पातळीवर स्थिरावतो, इन्सुलिनला पेशी दाद देईनाशा होतात, पोटावर चरबी साठते, शरीरात बारीक धगधगणारी सूज राहते, आणि स्मरणाशी संबंध असलेल्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागालाही इजा पोचते. म्हणजे नुकसान करणारं रसायन तेच, जे वाचवणारं आहे. बिघाड होतो तो बंद होण्याच्या वेळेत.

आता पुढचा प्रश्न असा की हा इशारा बंद का होत नाही? कारण संकट संपल्याची खात्री शरीराला कुणी दिलेली नसते.

२. कष्ट वेगळे, टांगणी वेगळी

माझ्या सगळ्या युक्तिवादाचा खांब हा मुद्दा आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जे वाईस यांनी १९७०च्या आसपास उंदरांवर प्रयोग केले. दोन उंदरांना अगदी सारखाच विजेचा झटका बसे. एकाला आधी आवाजानं सूचना मिळे, दुसऱ्याला मिळत नसे. वेदना तेवढीच, पण सूचना न मिळणाऱ्यांच्या जठरात व्रण कितीतरी जास्त निघाले. सूचना मिळणाऱ्याला निदान दोन झटक्यांच्या मधला वेळ निवांत मिळत होता. दुसऱ्याला प्रत्येक क्षण झटक्याचा असू शकत होता.

माणसांच्या बाबतीत हेच युनिव्हर्सिटी कॉलेज लंडननं २०१६ साली पाहिलं. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही हे ४५ जणांनी ओळखायचं होतं. साप निघाला की हाताला झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार यांवरून ताण मोजला. झटका बसणारच हे ठाऊक असताना लोक तुलनेनं शांत होते. सर्वाधिक ताण दिसला तो शक्यता निम्मी-निम्मी असताना. नक्की वाईट होणार हे शरीर पचवतं. होईल की नाही हे त्याला पचत नाही.

प्रयोगशाळेतल्या झटक्यावरून आयुष्याविषयी बोलू नये, असं कुणी म्हणेल. ते बरोबर आहे, म्हणून तिसरा पुरावा खऱ्या आयुष्यातला देतो. ब्रिटिश सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ चालवला. तो सुरू असतानाच त्यातल्या एका खात्याचं खासगीकरण जाहीर झालं. संशोधकांच्या हाती त्या लोकांच्या प्रकृतीची आधीची मोजमापं होतीच. जेन फेरी आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली निष्कर्ष मांडला: या खात्यातल्या लोकांची प्रकृती इतर खात्यांच्या तुलनेत ढासळली, आणि ती नोकरी जाण्याच्या आधीच, जाणार की राहणार हे ठरण्याच्या काळात. अजून कुणाचा पगार थांबला नव्हता. फक्त निकाल लागायचा होता.

त्याच व्हाइटहॉलच्या पहिल्या फेरीत, १९६७पासून, आणखी एक गोष्ट दिसली होती. खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते, आणि सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांमुळे त्या फरकाचा जेमतेम काही हिस्सा उलगडत होता. लोकांची समजूत अशी की जबाबदारी साहेबावर, म्हणून ताणही साहेबाला. पण साहेबाच्या हाती निर्णय असतो. ज्याच्या दिवसाचे निर्णय दुसरे घेतात, त्याचं हृदय आधी बोलतं.

३. गिरगावात ही टांगणी कशी घडते

खोताची वाडी अठराव्या शतकाच्या अखेरीस वसली. पाठारे प्रभू खोतानं जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांना विकले आणि नारळी-पोफळीच्या जागी लाकडी बंगल्या उभ्या राहिल्या: बाहेरून चढणारे जिने, रुंद व्हरांडे, मंगळुरी कौलं, कोरीव लाकडी पट्ट्या. एके काळी इथे ६५ घरं होती. आज तिशीच्याही आत आहेत. मुंबईत वारसा जतनाचे नियम १९९५ साली आले आणि वाडीला वारसा परिसराचा मान मिळाला. पर्यटक येतात, फोटो काढतात. पण लाकडाला वाळवी लागते, कौलं पावसाळ्यापूर्वी उतरवून फेरावी लागतात, हे काम जाणणारे सुतार आणि कौलं घालणारे मिळत नाहीत, आणि मिळाले तरी खर्च घरमालकाच्याच खिशातून. एका घराचे पाच-सहा वारस, त्यातले दोघं परदेशात, एक वसईला. कुणी विकायचं म्हणतो, कुणी नाही. शेजारची बंगली गेली की पुढची आपली का, हा विचार मे महिन्यात कौलांवर निळी ताडपत्री ताणताना प्रत्येकाच्या मनात येतोच. घर मालकीचं असूनही त्याचं पुढे काय होणार हे मालकाला सांगता येत नाही.

वाडीच्या बाहेर पडून रस्ता ओलांडला की चाळी सुरू होतात आणि टांगणीचं रूप बदलतं. इथे घर भाड्याचं, पागडीचं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. त्यानं लाखो कुटुंबांना छप्पर दिलं, हे विसरता कामा नये. पण मालकाचा दुरुस्तीतला रस संपला. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमलं. त्या वेळी उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती १९,६४२ मोजल्या गेल्या. तेव्हापासून दर पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते, आणि यादीत आपलं नाव आहे का हे पाहणं हा गिरगाव, काळबादेवी, लालबागमधला वार्षिक नेम झाला. नाव असलं तर खोली सोडून संक्रमण शिबिरात, सायनच्या प्रतीक्षानगरला किंवा गोरेगावला जायचं. परत कधी यायचं ते ठाऊक नाही. सोडली नाही तर पावसात छत टिकेल का ते ठाऊक नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली. ते ठिकाण वाडीपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. म्हणजे दोन्ही भीती खऱ्या. खोली सोडली तर कायमची जाण्याची, नाही सोडली तर जिवानिशी जाण्याची. या दोन भीतींच्या मध्ये काही कुटुंबांची एक पिढी वाढली, लग्नं झाली, म्हातारी माणसं गेली.

तिसरी टांगणी जमिनीखालून आली. मेट्रो ३ ही मुंबईला हवीच होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण गिरगाव आणि काळबादेवी स्थानकांसाठी जुन्या इमारती रिकाम्या झाल्या, तिथल्या रहिवाशांना त्याच भागात पुनर्वसनाचं आश्वासन मिळालं, आणि राहिलेल्यांच्या पायाखाली खोदकाम सुरू झालं. दक्षिण मुंबईतल्या रात्रीच्या कामावर २०१७च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं बंदी घातली, यावरून आवाजाची कल्पना यावी. पुढे ती सैल झाली. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज नसावा, असं आपलाच नियम सांगतो. त्या वर्षांत जुन्या इमारतींच्या भिंतींवर यंत्रं बसवली होती. भेग किती रुंदावली, भिंत किती कलली, जमीन किती खचली, हे मिलिमीटरमध्ये टिपणारी. त्याआधीची साधी पद्धतही इथल्या लोकांना ठाऊक आहे: भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवायची; भेग हलली की काच तडकते. जिन्यातून जाता-येता घरातला प्रत्येकजण त्या काचेकडे बघतो. भिंतीची अशी नोंद ठेवली हे योग्यच झालं. पण त्या भिंतीआड झोपणाऱ्या माणसांचा रक्तदाब, त्यांची साखर, त्यांची झोप मोजण्याची तरतूद प्रकल्पात कुठेच नव्हती, आणि अशी तरतूद असावी हे कुणाला सुचलंही नाही. मेट्रोचा वरळी ते कफ परेड हा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५मध्ये सुरू झाला. प्रवाशांचा प्रश्न सुटला. ज्यांनी जागा दिली त्यांच्या वर्षांचा हिशेब कोणत्याच खात्यावर नाही.

४. शरीर काय भोगतं

ताणाचे शारीरिक परिणाम म्हणजे डोकेदुखी आणि पित्त, असं समजणं फार वरवरचं आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात ५२ देशांतले हृदयविकाराचा पहिला झटका आलेले हजारो रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक तपासले. भारतही त्यात होता. घरात किंवा कामावर सतत ताण असल्याचं सांगणाऱ्यांत झटक्याची शक्यता दुपटीहून जास्त आढळली. याच अभ्यासातून पुढे दिसलं की दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतरत्र जवळपास ५९व्या. आपल्याकडे घराचा निर्णय, मुलांची लग्नं आणि वडिलांचं आजारपण नेमकं याच वयात एकत्र येतं.

प्रतिकारशक्तीचं तसंच. शेल्डन कोहेन यांनी १९९१ साली निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले. ज्यांच्यावर ताण जास्त, त्यांना संसर्गही जास्त झाला. मला सर्वांत अस्वस्थ करतो तो जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांचा १९९५चा प्रयोग. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम केली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. हा फरक इच्छाशक्तीनं पडत नाही. त्या बायकांपैकी कुणी मन खंबीर ठेवत नव्हती, असं म्हणणं क्रूरपणा ठरेल.

गिरगावच्या चाळीत हा भार कोणावर पडतो ते सांगायला संशोधन लागत नाही. सासूच्या औषधांची वेळ तिच्याकडे, पहाटेचं पाणी तिच्याकडे, सोसायटीच्या मीटिंगला नवरा गेला तरी तिथं काय झालं यावरून रात्री होणारा वाद तिच्याकडे, आणि संक्रमण शिबिरात गेल्यावर शाळा, बाजार, दवाखाना नव्यानं शोधणंही तिच्याकडेच. कागदावर मात्र खोली तिच्या नावावर क्वचित असते. जबाबदारी पूर्ण आणि अधिकार शून्य: व्हाइटहॉलच्या खालच्या श्रेणीसारखेच निर्णय दुसऱ्याच्या हाती.

५. मनाचं दुःख कोणत्या भाषेत येतं

आपल्याकडे माणसं 'मला नैराश्य आलंय' असं सांगत दवाखान्यात येत नाहीत. मुंग्या येतात, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, डोकं जड होतं, छाती भरून येते, असं सांगतात. तपासण्या नॉर्मल येतात. मग 'काही नाही, टेन्शन आहे' असं सांगून घरी पाठवतात, जणू टेन्शन म्हणजेच 'काही नाही'.

टांगणीचा मनावर होणारा सगळ्यात खोल परिणाम मात्र चिंतेहून वेगळा आहे. अमेरिकी अभ्यासक पॉलीन बॉस यांनी बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांपासून सुरुवात करून अशा वियोगाचा अभ्यास केला, ज्यात गेलेलं माणूस धड गेलेलं नसतं आणि धड असतही नाही. अशा घरांत शोक गोठून जातो; माणूस रडून मोकळा होत नाही आणि पुढेही जात नाही. माझ्या मते घराच्या बाबतीतही हेच घडतं. जुनी खोली पाडली आहे, नवी उभी राहिलेली नाही. देव्हारा बांधून ठेवला आहे. मुलाचं लग्न 'घर झाल्यावर' करायचं ठरलं आहे. मोठं कपाट घ्यायचं ते 'घर झाल्यावर'. अशा रीतीनं वर्तमानकाळ रद्द होतो. चिडचिड, भावाभावांतले दावे, बापाचं दारूकडे वळणं, म्हाताऱ्यांचं अबोल होणं ही सगळी त्याचीच रूपं आहेत, आणि आपण ती ज्याच्या त्याच्या स्वभावावर ढकलतो.

६. गिरणगावानं हे आधी भोगलं आहे

गिरगावाच्या उत्तरेला, लालबाग-परळमध्ये, या आजाराचा मोठा इतिहास आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाबद्दल राजकीय मतं अनेक आहेत. मला इथे एकच गोष्ट नोंदवायची आहे. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कामगार हरला, असं कुणी त्याला सांगितलं नाही. काही गिरण्या चालू झाल्या, काही बंद पडल्या, काहींना आग लागली, काहींच्या जमिनी विकल्या गेल्या. भोंगा पुन्हा वाजेल या आशेवर माणसं गावाला गेली, परत आली, भाजी विकायला बसली, पुन्हा गेटवर जाऊन आली. नंतर घराची टांगणी लागली: गिरणीच्या जमिनीवरच्या घरांसाठी पावणेदोन लाखांच्या आसपास कामगार आणि वारसांनी अर्ज केले, आणि सोडती २०१२पासून आजवर निघतच आहेत. कितीतरी अर्जांवर आज मुलगा किंवा विधवा सही करते.

या माणसांच्या बिघडलेल्या प्रकृतीला त्या वेळी दारू, तंबाखू आणि 'हाय खाल्ली' या तीन नावांत गुंडाळलं गेलं. 'हाय खाल्ली' हे निदान इतर दोहोंपेक्षा जास्त अचूक होतं, असं मला आज वाटतं.

आक्षेप आणि उत्तरं

*एकाच चाळीत एक माणूस आजारी पडतो, दुसरा ठणठणीत असतो. मग हा स्वभावच नाही का?* हा आक्षेप सर्वांत जोरकस आहे आणि त्यात तथ्य आहे. आनुवंशिकता, बालपण, स्वभाव यांनी फरक पडतो. पण इथे दोन प्रश्नांची गल्लत होते. आधी कोण आजारी पडेल, हे स्वभाव ठरवतो. एकूण किती जण पडतील, हे परिस्थिती ठरवते. जेफ्री रोझ यांनी १९८५ साली साथरोगशास्त्रात हाच भेद मांडला: व्यक्ती आजारी का पडली आणि समाजात इतके आजारी का आहेत, या प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी असतात. खोताच्या वाडीत याचं उदाहरण उभं आहे. तिथला क्रूस प्लेगच्या काळातला आहे. १८९६ साली प्लेग आला तेव्हाही एकाच खोलीतला एक जाई आणि दुसरा वाचे. तरी सरकारनं लोकांच्या प्रकृतीला दोष देऊन काम संपवलं नाही; १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, रस्ते रुंद झाले, हवा-उजेडाचे नियम आले. ट्रस्टनं गरिबांची घरं पाडून त्यांना वाऱ्यावर सोडलं ही त्याची काळी बाजूही आहे. पण आजार घरात आणि गल्लीत तयार होतो, हे तत्त्व तेव्हा मान्य झालं. ताणाच्या बाबतीत आपण अजून ते मानलेलं नाही.

*आधीच्या पिढ्यांनी याहून हाल काढले. त्यांना नव्हता ताण?* दहा बाय बाराच्या खोलीत दहा माणसं, क्षयाची साथ, बालमृत्यू: त्या काळाची स्वप्नं रंगवायला मी तयार नाही. ती माणसंही लवकर मरत होती. पण त्यांच्या कष्टांना एक वेळापत्रक होतं. नळाला पाणी पहाटे चारला येई, तर ते चारलाच येई. भोंगा ठरलेल्या वेळी वाजे, पगार ठरलेल्या तारखेला होई, खानावळीचा हिशेब महिन्याला चुकता होई. शरीर अशा कष्टांशी जुळवून घेतं, कारण दोन कष्टांच्या मध्ये त्याला निर्धास्त झोप मिळते. शिवाय सोबत होती. चाळीच्या गॅलरीत दुःख दहा घरांत वाटलं जाई. पुनर्विकासाच्या वाटाघाटींत पहिली तडकते ती हीच सोबत: संमतीचे गट, विरोधाचे गट, एकाच मजल्यावर न बोलणारी घरं.

*मग योग, ध्यान, समुपदेशन हे सगळं व्यर्थ?* मुळीच नाही. संथ श्वसनानं रक्तदाब उतरतो, नियमित चालण्यानं झोप सुधारते, चांगल्या मानसोपचारानं नैराश्यातून माणसं बाहेर येतात. सरकारची १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन मराठीतही बोलते. ज्याला गरज आहे त्यानं आजच तिचा आधार घ्यावा. माझा विरोध या उपायांना एकमेव उपाय मानण्याला आहे. मोकळ्या हवेत शिकलेला प्राणायाम ड्रिल मशीनच्या आवाजात रात्री दोन वाजता करायचा असतो, हे शिकवणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

*शहर बदलायचं तर थोडी वाट पाहावीच लागणार.* होय. वाट पाहणं टळणार नाही. टळू शकतं ते मुदतीशिवाय वाट पाहणं. ज्या गर्भवतीला तारीख ठाऊक आहे, ती नऊ महिने त्रास काढते आणि आनंदातही असते. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. १९२०च्या दशकातल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून ५०० चौरस फुटांच्या घरात. त्या प्रकल्पाचं भूमिपूजन २०१७ साली झालं होतं आणि मागणी त्याच्याही कितीतरी आधीची. निकाल लावणं शक्य असतं, एवढं यातून सिद्ध होतं. मधल्या वर्षांत ज्यांनी किल्ली न पाहता डोळे मिटले, त्यांच्यासाठी तो उशिराच लागला.

मग मागायचं काय

हा विचार मान्य असेल तर मागण्या आपोआप बदलतात.

पहिली मागणी दवाखान्याकडे. रक्तदाब किंवा साखर नव्यानं सापडलेल्या माणसाला डॉक्टर मीठ, तंबाखू, व्यायाम विचारतात. तसंच घराचं काय चाललंय, नोकरीचं काय चाललंय, हे दोन प्रश्न केसपेपरवर हवेत. उत्तर ऐकून डॉक्टर घर देऊ शकणार नाहीत. पण रुग्णाचा दोष नाही, हे त्याला सांगू शकतील, त्याची फेरतपासणी लवकर ठेवू शकतील, आणि हजारो केसपेपर एकत्र झाले की कुठल्या वॉर्डात कशानं माणसं आजारी पडतात याचा नकाशा महापालिकेच्या हाती येईल. मुंबईत केईएम, नायर, सायनसारखी मोठी सार्वजनिक रुग्णालयं आहेत. हे काम त्यांनाच शक्य आहे.

दुसरी मागणी वाडीसाठी. वारशाचा शिक्का मारायचा तर दुरुस्तीचा वाटाही उचलायला हवा: लाकूडकाम जाणणाऱ्या कारागिरांची यादी, सवलतीचं कर्ज, आणि परवानगीच्या अर्जाला ठरावीक दिवसांत होकार किंवा नकार. नकारसुद्धा चालेल. वर्षभराच्या शांततेपेक्षा नकार माणसाला कमी आजारी पाडतो.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, मागणी कायद्याकडे. उपकरप्राप्त धोकादायक इमारतींबाबत म्हाडा कायद्यात जी दुरुस्ती झाली आणि जिला २०२२च्या अखेरीस राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, तिच्यात मुदतीचं तत्त्व आलं आहे: आधी मालकाला सहा महिने, मग भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, मग म्हाडा. हे पाऊल योग्य दिशेचं आहे, पण मुदती सुरुवातीच्या टप्प्याला आहेत. माणसं झिजतात ती त्यानंतर, घर रिकामं केल्यावर. पर्यायी घराचं भाडं किती, कोणत्या तारखेला, किती वर्षं. थांबलं तर दाद कुठे. काम रखडलं तर बिल्डर बदलण्याचा अधिकार कितव्या महिन्यात कुणाला. आणि हे सगळं घरातल्या स्त्रीच्याही सहीनं. आज नोटिशीत खोली रिकामी करण्याची मुदत ठळक छापलेली असते. परत येण्याची तारीख त्याच कागदावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापली पाहिजे, आणि ती चुकली तर दर दिवसाचा दंड कुणी भरायचा हेही तिच्याखाली लिहिलं पाहिजे.